एकोणतीस पोरांचा एकच स्वभाव

माणसाचा स्वभाव पन्नास प्रश्नांत कळतो असं ज्यांना वाटतं, त्यांनी आमच्या कॉम्प्युटर लॅबमध्ये माझ्या स्टुलावर एक महिना बसून दाखवावं. मी हे रागानंच लिहितोय. वर्ष होत आलं तरी हा राग उतरलेला नाही आणि उतरावा अशी माझी इच्छाही नाही.

मी सयाजी. गाव कोयनानगरच्या खालच्या अंगाला. सतरा वर्षं फौजेत सिग्नलमध्ये काढली, हवालदार म्हणून बाहेर पडलो आणि सांगलीला विश्रामबागेत एका इंजिनिअरिंग कॉलेजात लॅब असिस्टंट म्हणून चिकटलो. पोरं मला मामा म्हणतात. कॉलेजात शिपायापासून लॅबवाल्यापर्यंत सगळे मामाच असतात, त्यात प्रेमाचा भाग फार नसतो. माझ्या ताब्यात चाळीस मशीन, दोन एसी, त्यातला एक कायमचा बंद, आणि एक रजिस्टर. लॅबमध्ये पाऊल टाकणाऱ्यानं त्यात नाव, मशीनचा नंबर, आल्याची आणि गेल्याची वेळ लिहून सही करायची, हा माझा नियम. पोरं म्हणतात, मामा अजून छावणीतच राहतात. म्हणू देत.

सांगायचं आहे ते अपेक्षाबद्दल.

अपेक्षा जत तालुक्यातली, कर्नाटकाच्या हद्दीला चिकटलेल्या एका गावची. जात धनगर. बाप बिराप्पा मेंढ्या राखतो, आई सुलाबाई त्याच्या बरोबरीनं चालते. दिवाळी झाली की कळप घेऊन कृष्णाकाठाकडे उतरायचं आणि पावसाळ्याच्या तोंडावर माघारी फिरायचं, असं त्यांचं वर्ष. घरात निम्मं मराठी, निम्मं कन्नड. पोरगी आश्रमशाळेत शिकली आणि सुट्टी लागली की कळप जिथं असेल तिथं चालत जायची. मार्कांच्या जोरावर कॉम्प्युटरला आली. पहिल्या दिवशी लॅबमध्ये शिरली, उभ्या उभ्या सगळ्या मशीनवरून एकदा नजर फिरवली आणि कोपऱ्यातल्या सतरा नंबरवर जाऊन बसली. तिथून सगळी लॅब दिसते. चार वर्षं तिनं ती जागा सोडली नाही.

फार बोलायची नाही. पण बोलली की कामाचं बोलायची. एकदा जाता जाता मला म्हणाली, "मामा, बारा नंबरचा पंखा वाजाय लागलाय. दोन दिसांत जाईल बगा." मी म्हटलं, जा गं, तू काय डॉक्टर हाईस? तिसऱ्या दिवशी सकाळी बारा नंबर उघडलाच नाही. प्रोग्राम आधी कागदावर लिहायची, जुन्या कॅलेंडरच्या पानांच्या पाठीमागं, बारीक अक्षरात. मग टाइप करायला बसली की मान वर नाही. एकदा एका टारगटानं गंमत म्हणून तिच्या मशीनची पिन ओढली. ती उठली, पिन लावली आणि त्याला म्हणाली, "माजी वीस मिंटं गेली. आता तू वीस मिंटं हितंच हुबा ऱ्हा." आवाज चढवला नाही, शिवी दिली नाही. आणि तो सहा फुटी गडी वीस मिनिटं घड्याळाकडं बघत उभा राहिला! मी फौजेत सुभेदार पाहिलेत. त्यातल्या निम्म्यांना हे जमलं नसतं.

आणि या पोरीला आमच्या कॉलेजनं लेखी कळवलं की तुझ्यात नेतृत्वगुण शंभरात सहा आहेत.

झालं असं, की ती शेवटच्या वर्षाला गेली तेव्हा प्रोजेक्टचं काम दीपमाला मॅडमकडं आलं. मॅडम नव्या, हुशार, मेहनती. वाईट बाई मुळीच नाही, आणि हेच माझ्या रागाला आडवं येतं. शिव्या द्यायला माणूस वाईट असलेला बरा. त्या कुठलंसं प्रशिक्षण करून आल्या होत्या. पोरं मैत्रीत गट करतात, हुशार हुशार एकत्र येतात, उरलेले उरतात, म्हणून गट स्वभाव बघून पाडायचे. चार स्वभावांची चार माणसं एका गटात. एक पुढं होणारा, एक तांत्रिक डोक्याचा, एक सजावटीकडं बघणारा, एक कागदपत्रं सांभाळणारा. ऐकायला झकास. मलाही पटलं होतं, खोटं कशाला बोलू.

पन्नास प्रश्नांचा फॉर्म छापून आला. इंग्रजी आणि खाली मराठी. 'मला गर्दीत मिसळायला आवडतं.' 'मी पटकन निर्णय घेतो.' 'मला बारीकसारीक गोष्टींची काळजी लागून राहते.' प्रत्येकासमोर एक ते पाच आकडे. लागू नसेल तर एक, पुरेपूर लागू असेल तर पाच. साठ पोरं वर्गात बसली. पहिला प्रश्न काय आला असेल? "मॅडम, याला मार्क आहेत का?"

मॅडम म्हणाल्या, "मार्क नाहीत. पण यावरून गट ठरणार, आणि गटातली भूमिका ठरणार."

एवढं पुरलं. बालवाडीपासून आमच्या पोरांना एकच शिकवलंय, की छापील कागदावर प्रश्न आला म्हणजे त्याचं एक बरोबर उत्तर कुणाला तरी माहीत असतं आणि ते माणूस शोधायचं असतं. मॅडमना ऑफिसातून बोलावणं आलं. जाताना म्हणाल्या, "मामा, तुम्ही जरा लक्ष ठेवा. फॉर्म गोळा करून आणा." म्हणजे पर्यवेक्षक मी.

दुसऱ्या बाकावर वीरधवल. वाळव्याकडचा, उसाच्या मोठ्या रानाचा धनी होणारा, चुलता फौजेत सुभेदार, म्हणून माझ्याशी जरा सलगी. पोरगा दुष्ट नाही. मात्र जेवलेलं ताट त्यानं जन्मात स्वतः उचललं नसेल. त्यानं मोबाईल काढला, असल्या फॉर्ममध्ये कुठले आकडे टाकले की 'लीडर' निघतो ते शोधलं आणि पन्नास आकडे चिठ्ठीवर उतरवले. ती चिठ्ठी मागच्या बाकावर गेली. तिथून पलीकडं. मी डोळ्यांनी पाहिलं. परीक्षा असती तर कानशिलात दिल्याशिवाय सोडलं नसतं एकालाही. पण मला हसू आलं. म्हटलं, काय बेणी आहेत, स्वभावसुद्धा कॉपी करतात! आणि मी हसत उभा राहिलो.

अपेक्षा तेवढी कुणाकडं न बघता लिहीत होती. मध्येच हात वर करून तिनं मला बोलावलं.

"मामा, गर्दी म्हंजे मानसांचीच का?"

"मानसांचीच असंल. का गं?"

"न्हाई, चारशे मेंढरांच्या गर्दीत मला काय वाटत न्हाई. मानसांत वाटतं." आणि तिनं एकचा आकडा घातला. काळजीच्या प्रश्नापुढं पाच घातला. काळजी न करणारा मेंढपाळ मी तरी अजून बघितलेला नाही. 'रात्री बारीक आवाजानं माझी झोप मोडते', पाच. लांडग्याच्या मुलखात ज्याची मोडत नाही त्याची मेंढरं सकाळी कमी असतात. अख्खा तास खपून तिनं खरं खरं लिहिलं. साठांत असा फॉर्म बहुतेक तो एकटाच.

दोन दिवसांनी मॅडमनी मला लॅपटॉप दाखवला. डोळे चमकत होते. "मामा, बघा ना, या बॅचमध्ये एकोणतीस मुलांत सारखेच नेतृत्वगुण निघालेत. अगदी दशांशापर्यंत सारखे! यावर पेपर होऊ शकतो." एकोणतीस पोरांचा एकच स्वभाव. देवानं तरी कधी एवढी काटकसर केली असेल का? मी तोंड उघडायला हवं होतं. मी म्हणालो, "छान की मॅडम," आणि त्यांचा प्रिंटर दुरुस्त करून निघून आलो.

नोटीस बोर्डावर यादी लागली. पंधरा गट. पंधरा लीडर, आणि उरलेले चौदा तांत्रिक प्रमुख. चिठ्ठीनं एकोणतीसच्या एकोणतीस पोरांची सोय लावली. सातव्या गटात वीरधवल लीडर. इंद्रजित नावाचा त्याचाच दोस्त तांत्रिक प्रमुख. शिवांजली सजावटीला. आणि चौथी अपेक्षा. तिच्यापुढं छापलं होतं: नेतृत्व सहा, मिसळण्याची वृत्ती अकरा, चिंता ब्याण्णव. भूमिका, रिपोर्ट लिहिणे.

पोरगी बोर्डासमोर उभी राहून ते वाचत होती. मागनं कुणीतरी म्हणालं, "ब्याण्णव! पहिला नंबर की गं." ती वळली नाही. मी माझ्या स्टुलावर जाऊन बसलो.

विषय कुणी सुचवला? तिनं. जतकडं उन्हाळ्यात टँकर येतो. कुठल्या वस्तीवर कधी येणार हे कुणाला माहीत नसतं. बायका हंडे मांडून दिवस दिवस बसतात आणि मेंढरं घेऊन आलेल्याला तर कुणी हिशेबात धरतच नाही. तर टँकरच्या फेऱ्या लावणारा प्रोग्राम, जो साध्या फोनवर निरोप धाडील. वीरधवलला ते आवडलं, कारण सांगायला बरं वाटतं. काम कुणी केलं? तिनंच. इंद्रजितला माऊस सरळ धरता येतो, त्यापलीकडं माझा भरवसा नाही. शिवांजलीनं पडद्यावरचे रंग आणि चित्रं केली, मन लावून केली. बाकी सगळं सतरा नंबरवर झालं.

पण मॅडमचा नियम होता, की प्रोजेक्टच्या सर्व्हरचं लॉगिन फक्त लीडरला. शिस्त राहावी म्हणून. लॉगिन वाटणारा कोण? मीच. म्हणून अपेक्षा बसायची वीरधवलचं लॉगिन टाकून, आणि तिनं टाइप केलेली प्रत्येक ओळ सर्व्हरवर वीरधवलच्या नावानं जमा व्हायची. चार महिने. आंधळं दळतं आणि कुत्रं पीठ खातं म्हणतात, इथं दळणारीला चांगलं दिसत होतं आणि तरी ती दळत होती. मला याचाच संताप यायचा. मी विचारलं तर म्हणाली, "मामा, काम थांबाय नको."

दिवाळीनंतर बिराप्पा आला. कळप कृष्णाकाठी बसवला होता, तिथून एसटीनं लेकीला भाकऱ्या द्यायला. हॉस्टेलवर पुरुषाला आत सोडत नाहीत, म्हणून लॅबच्या दारात उभा. मी त्याला कँटीनला नेलं. चहा घेता घेता सहज विचारलं, "पाव्हणं, तुमच्या वाड्यावर कुनी काय करायचं, ते कोन ठरवतं?" वाडा म्हणजे त्यांचा फिरता तळ, सात-आठ बिऱ्हाडं एकत्र चालतात तो.

"ठरवायचं काय त्यात?" बिराप्पा म्हणाला. "चार मुक्काम चाललं की कळतं की. कुनाच्या हाकंला मेंढरू वळतंय, कुनाच्या न्हाई."

"आन भांडान झालं म्हंजे?"

"भायेरच्यासंगं एकानंच बोलायचं. ज्याला पुढं केलाय त्यानं. तो चुकला तरी बाकीच्यांनी मुकं ऱ्हायाचं, न्हाईतर भायेरचा फूट पाडतो. पर सांजच्याला सगळी बसली, की ज्यानं जे बगितलं त्यानं ते सांगायचं. मेंढरू कुनामुळं गेलं, कुत्रं कुनाचं झोपलं, सगळं. बाई असू दे, न्हाईतर पोर. आन सांगताना अजून कुनी बगितलं त्याचं नाव घ्यायचं. नाव घेतलं की त्यानं हुबं ऱ्हायाचं आन व्हय म्हनायचं."

"आन न्हाई म्हनला तर?"

बिराप्पानं माझ्याकडं असं बघितलं, जसं मी काही वेडंवाकडं विचारलं. "मग तो वाड्यावर कशाला ऱ्हाईल?" म्हणाला आणि कप खाली ठेवला.

डिसेंबरात खरी ठिणगी पडली. पुण्याची एक कंपनी पोरं घ्यायला येणार होती. त्यांनी कळवलं, मुलाखतीला प्रत्येक प्रोजेक्टमधली प्रत्यक्ष काम केलेली दोनच पोरं पाठवा. कॉलेजनं काय करावं? प्रत्येक गटातला लीडर आणि तांत्रिक प्रमुख यांची नावं यादीत घातली. रिपोर्ट लिहिणारी त्यात बसतच नव्हती. जतच्या त्या पोरीला त्या कंपनीच्या दाराशी उभं राहायचीही सोय राहिली नाही. आणि दुसरी कंपनी त्या वर्षी येणार नव्हती, हे सगळ्यांना ठाऊक होतं.

ती मॅडमकडं गेली तेव्हा मी तिथंच, त्याच मेल्या प्रिंटरपाशी. मॅडमनी तिला खुर्ची दिली. गोड बोलल्या. "हे बघ, मी तुझ्या भल्याचंच बघतेय. तुझी चिंतेची पातळी फार वर आहे. मुलाखतीत तुला त्रास होईल. प्रत्येकाची जागा वेगळी असते." अपेक्षा म्हणाली, "मॅडम, प्रोग्राम मी केलाय." मॅडम म्हणाल्या, "सर्व्हरवर तर सगळं वीरधवलच्या नावानं आहे." पोरगी उठली आणि निघून गेली.

माझी तळपायाची आग मस्तकात गेली. मी मॅडमना सगळं सांगितलं. चिठ्ठी, मोबाईल, एकोणतीस. त्यांचा चेहरा पांढराफटक पडला. त्यांनी लॅपटॉपचं झाकण मिटलं. मग म्हणाल्या, "जानेवारीत मी याच माहितीवर पेपर वाचणार आहे, मामा. नाव छापून आलंय." आणि मग, हळूच, "पर्यवेक्षक तुम्ही होता ना? मग तेव्हाच का नाही बोललात?"

तोंड दाबून बुक्क्यांचा मार. खाली आलो आणि स्टुलाला लाथ मारली. पहिल्या वर्षाची पोरं बूट घालून लॅबमध्ये शिरली होती, त्यांच्यावर असा ओरडलो की एक पोरगी रडायलाच लागली. स्वतःची लाज वाटली की माणूस दुसऱ्यावर ओरडतो. मी तेच केलं.

मग अपेक्षाकडं गेलो. म्हटलं, "चल, प्राचार्यांकडं जाऊ. आत्ता."

"नको मामा. मला रिपोर्टाचं काम दिलंय न्हवं, ते करते."

मी भडकलो. "मेंढरं राखता राखता मेंढरू झालीस व्हय गं? ढकलतील तिकडं जायाचं?" हे मी बोललो. ज्या पोरीनं सहा फुटी गड्याला वीस मिनिटं उभं केलं होतं, तिला. तिनं माझ्याकडं बघितलं, रागानं नाही, नुसतं बघितलं, आणि म्हणाली, "तुमचं रजिस्टर जरा देशीला का दोन दिस?"

मी ते तिच्यासमोर आपटलं आणि निघून आलो.

गुरुवारी प्रोजेक्टची परीक्षा. साताऱ्याहून बाहेरचे परीक्षक आले होते. भाऊसो सर म्हणायचे त्यांना. निवृत्तीला आलेले, सावकाश बोलणारे, खिशात शेंगदाण्याची पुडी. सातव्या गटाची पाळी आली. वीरधवल टाय लावून उभा. बोलला बाकी फर्डा, ते नाकारत नाही. नकाशा दाखवला, टँकर हलवून दाखवले. मॅडम कौतुकानं मान हलवत होत्या. अपेक्षा टेबलाच्या कडेला रिपोर्टच्या प्रती घेऊन उभी. मी दाराशी, प्रोजेक्टर सांभाळायला.

भाऊसो सरांनी विचारलं, "समजा एक टँकर वाटेतच बंद पडला. तर पुढच्या वस्त्यांचं काय?"

वीरधवल हसला. इंद्रजितकडं बघितलं. इंद्रजितनं पडद्याकडं बघितलं. मग वीरधवल म्हणाला, "सर, ते आम्ही पुढच्या टप्प्यात घेणार आहोत."

मला ठाऊक होतं, ते तिनं नोव्हेंबरातच केलेलं आहे. तीन दिवस सतरा नंबरवर त्याच एका गोष्टीपायी बसली होती. मी दारातनं तिच्याकडं डोळे वटारले. बोल की गं, तोंड शिवलंय का तुझं! ती बोलली नाही. बाहेरच्यासमोर पुढं केलेल्यानं बोलायचं, बाकीच्यांनी मुकं राहायचं. मला बिराप्पा आठवला आणि त्याचाही राग आला. ही काय मेंढरं चारायची जागा आहे?

"बरं," भाऊसो सर म्हणाले आणि त्यांनी रिपोर्ट हातात घेतला.

रिपोर्ट कुणी वाचत नाही. हे आमच्याकडचं उघडं गुपित. जाडी बघतात, बांधणी बघतात, सह्या बघतात. त्या रिपोर्टवर वीरधवलची सही होती, इंद्रजितची, शिवांजलीची, मॅडमची, विभागप्रमुखांची. पाच सह्या आणि वाचलेला माणूस शून्य. पण भाऊसो सर रिपोर्ट मागून वाचणारे निघाले. शेवटचं पान उघडलं, एक शेंगदाणा तोंडात टाकला आणि चावायचे थांबले.

शेवटच्या दहा पानांत तक्ता होता. तारीख, काम, करणाऱ्याचं नाव, मशीनचा नंबर, आल्याची वेळ, गेल्याची वेळ. माझ्या रजिस्टरातनं उतरवलेला. पडद्याचे रंग आणि चित्रं, शिवांजली, तेवीस नंबर. परीक्षेतलं भाषण, वीरधवल. त्याच्या वाट्याचं तेवढं तिनं प्रामाणिकपणे त्याच्या नावावर टाकलं होतं. बाकी सगळीकडं अपेक्षा, सतरा, अपेक्षा, सतरा. आणि ज्या ज्या दिवशी सर्व्हरवर वीरधवलचं काम जमा झालेलं, त्या त्या दिवशी रजिस्टरात वीरधवलची सही नाही, हे पुढच्या रकान्यात.

सर पानं उलटत पुढं आले. रिपोर्टच्या ठरलेल्या साच्यात एक भाग असतो, 'गटाची रचना कशी झाली'. सगळी पोरं तिथं मॅडमनी दिलेल्या चार ओळी चिकटवतात. सरांनी तो मोठ्यानं वाचला. "गटाची रचना स्वभावाच्या फॉर्मवरून झाली. फॉर्म भरताना आमच्या गटाच्या लीडरनं उत्तरांची चिठ्ठी वर्गात फिरवली. त्यामुळं बऱ्याच जणांचा स्वभाव त्यांचा नाही. हे पाहणाऱ्यांत पर्यवेक्षक सयाजी मामा होते."

वीरधवल लालबुंद. मॅडम टेबलाकडं बघत होत्या.

"यावर तुमची सही आहे?" सरांनी वीरधवलला विचारलं. मग मॅडमना विचारलं. मग मान वर करून म्हणाले, "हे सयाजी मामा कोण?"

खरं सांगतो, माझ्या पायाखालची जमीन हलली. आणि मी कोयनेचा माणूस, जमीन हलते म्हणजे काय ते मला माहीत आहे. नोकरीची पाच वर्षं उरलेली. 'मी काही पाहिलं नाही' एवढं म्हटलं असतं तरी तो परिच्छेद एका पोरीची बडबड ठरला असता. अपेक्षा माझ्याकडं बघत नव्हती. टेबलाच्या कडेला मान सरळ ठेवून उभी होती.

मी दारातनं पुढं आलो. "मी सर. व्हय, पाहिलं. चिठ्ठी पाहिली आन गप्प बसलो. चूक माझी."

भाऊसो सरांनी पुडी बंद करून खिशात टाकली. "आता मुली, तू सांग. टँकर बंद पडला तर?"

आता विचारलं होतं. ती पुढं आली, वीरधवलच्या हातातला माऊस घेतला आणि एक टँकर वाटेत बंद पाडून दाखवला. बाकीच्या टँकरांनी आपापल्या फेऱ्या बदलल्या. शेवटी राहिलेल्या वस्तीला पहिली पाळी मिळाली. "ज्येला मागच्या खेपंला मिळालं न्हाई, त्येला आधी," ती म्हणाली. भाषासुद्धा बदलली नाही.

सरांनी त्या तक्त्याप्रमाणे मार्क दिले आणि विभागप्रमुखांना बोलावून सांगितलं, मुलाखतीची यादी याच पानावरून करा, नाहीतर माझा शेरा विद्यापीठात जाईल. सातव्या गटातनं दोन नावं गेली, अपेक्षा आणि शिवांजली. मॅडमनी पेपर मागं घेतला, ते मात्र त्यांनी स्वतःहून केलं. मला कारणे दाखवा नोटीस आली. आणि आमच्या शहाण्या कॉलेजनं यातून धडा काय घ्यावा? परिपत्रक निघालं: पुढल्या वर्षापासून स्वभावाचे फॉर्म भरताना एका बाकावर एकच विद्यार्थी बसवावा, मोबाईल बाहेर जमा करावेत. म्हणजे फॉर्म आहेच. फक्त आता कॉपी करू देणार नाहीत. ते वाचून मी कपाळाला हात लावला.

सोमवारी मुलाखत होती. शनिवारी ती रजिस्टर परत द्यायला आली. मी नोटिशीचं उत्तर लिहीत बसलो होतो आणि डोकं ठणकत होतं.

"एवढी साठ पोरं वर्गात हुती," मी म्हणालो. "निम्म्यांनी ती चिठ्ठी बघितली. मग नाव माजंच का घातलंस गं? मीच सापडलो व्हय तुला? रागानं बोललो त्येचा सूड घेतलास?"

तिनं रजिस्टर टेबलावर ठेवलं, आजच्या तारखेचं पान उघडलं आणि आल्याची वेळ लिहिली.

"बाकीची न्हाई म्हनली असती, मामा," ती म्हणाली. "तुमी व्हय म्हनणार, हे मला ठावं हुतं."

मग सही करून ती सतरा नंबरवर जाऊन बसली.